पंचायत राजचा पाया घालणारे वसंतराव नाईक : स्वतःच्या कामाचीही तपासणी लावणारा मुख्यमंत्री

मौदा : जुलै महिना लागला की मौदा तालुक्यात धानाचे पऱ्हे हिरवे झालेले असतात. कास्तकाराचा एक डोळा आभाळाकडे आणि दुसरा पेंचच्या कालव्याकडे असतो. याच दिवसांत १ जुलैला जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांमध्ये कृषी दिन होतो. माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या फोटोला हार पडतो, दोन-चार भाषणं होतात, एखाद्या प्रगतशील शेतकऱ्याला शाल-श्रीफळ मिळतं अन् चहा घेऊन लोक रोवणीच्या मागे लागतात. हरितक्रांतीचे नेते म्हणून नाईकसाहेब सगळ्यांना माहीत आहेत. पण ज्या पंचायत समितीच्या सभागृहात हा हार घातला जातो, ती पंचायत समितीच मुळात त्यांच्या एका अहवालातून उभी झाली, हे फार कमी लोकांच्या ध्यानात असते.

जिल्हा परिषद, पंचायत समिती, त्यांच्या विषय समित्या, सभापती, मुख्य कार्यकारी अधिकारी हा सगळा डोलारा महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून आहे. खर्च कोण करणार आणि त्या खर्चाकडे पाहणार कोण, हा त्यातला कळीचा प्रश्न. तो आजही गावागावांत आहे. म्हणून नाईकसाहेबांचं आयुष्य या बाजूनेही पाहण्यासारखे आहे.

तांड्यातून नागपूरला

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या गहुली या गावी झाला. घराणे बंजारा समाजाचे. तांड्याचा कारभार नाईक पाहतो आणि भांडण-तंटा चारचौघांना बसवून सोडवतो, अशी बंजारा समाजाची जुनी रीत. नाईकी घरातच असल्याने लोकांसमोर बसून निर्णय देण्याची पद्धत त्यांनी लहानपणापासून पाहिली.

तांड्यावर शाळा नव्हती. सुरुवातीचे शिक्षण आसपासच्या गावांत झाले. पुढे अमरावती आणि मग नागपूर. नागपूरला नील सिटी हायस्कूल, त्यानंतर मॉरिस कॉलेज आणि १९४० साली वकिलीची पदवी. ज्या मॉरिस कॉलेजात ते शिकले, ती संस्था आज वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था या नावाने चालते. मौदा, कामठी, रामटेककडची कितीतरी पोरं तिथे शिकून गेली.

वकिलीची सुरुवात त्यांनी अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली केली आणि पुढे पुसदला स्वतःचा व्यवसाय थाटला. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सलाबाई घाटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलगा बंजारा, मुलगी ब्राह्मण. त्या काळी असे लग्न म्हणजे दोन्हीकडून विरोध ठरलेला. तो सोसून दोघांनी संसार केला आणि वत्सलाबाई पुढे सार्वजनिक कामातही त्यांच्या सोबत राहिल्या.

नगरपालिकेपासून मंत्रिपदापर्यंत

१९४६ मध्ये वसंतराव पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या राजकारणाची शाळा ही. नगरपालिकेत नळाचे पाणी, नाली, रस्ता, कराची वसुली असे रोजचे प्रश्न. काम झाले नाही तर लोक दुसऱ्या दिवशी दारात उभे. मुंबई-दिल्लीचे राजकारण करण्याआधी त्यांनी हा अनुभव घेतला.

१९५२ च्या निवडणुकीत ते जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून आले. तेव्हा राजधानी नागपूर होती. पंडित रविशंकर शुक्ल यांच्या सरकारात ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. मालगुजारी नुकतीच गेली होती. मालगुजारांचे तलाव सरकारकडे आले होते. तेच आजचे माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव. जमीन कोणाची, पाणी कोणाचे, सातबाऱ्यावर नाव कोणाचे, या भांडणांचे कागद याच खात्यात यायचे.

१९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला. नाईकसाहेब तिथे आधी सहकार आणि मग कृषी खात्याचे मंत्री झाले. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात महसूल खाते त्यांच्याकडे आले. आणि लगेच जूनमध्ये त्यांच्यावर एक मोठी जबाबदारी पडली.

मुळात एका तपासणीतून निघालेली वाट

१९५२ पासून देशभर सामूहिक विकासाची योजना सुरू होती. गट पाडले, अधिकारी नेमले, जीपगाड्या फिरल्या, पैसाही खर्च झाला. पण गावचा माणूस त्यात आपले म्हणून उतरला नाही. असे का झाले हे तपासायला केंद्राने १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समिती नेमली. योजना सरकारी राहिली आणि लोकांच्या हातात काहीच नव्हते, हे तिच्या अहवालाचे सार. निवडून आलेल्या संस्थांकडे काम, पैसा आणि अधिकार द्या, अशी शिफारस तिने केली. २ ऑक्टोबर १९५९ ला राजस्थानातल्या नागौर इथून पंचायत राजची सुरुवात झाली. म्हणजे आपली पंचायत राज व्यवस्थाच एका तपासणी समितीच्या अहवालातून जन्माला आली आहे.

महाराष्ट्रात हे कसे आणायचे, हे ठरवण्यासाठी १९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. काम सोपे नव्हते. नव्या राज्यात तीन प्रदेश, तिघांचे कायदे वेगळे. पश्चिम महाराष्ट्रात जिल्हा लोकल बोर्डाची पद्धत, मराठवाड्यात निजामी राजवटीचा वारसा आणि आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने आलेल्या जनपद सभा. मौदा तेव्हा वेगळा तालुकाही नव्हता.

समितीने वर्षाच्या आत, मार्च १९६१ मध्ये अहवाल दिला. शिफारशी होत्या २२६. त्यावरून महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ हा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यभर जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

नाईक समितीने काय वेगळे केले

मेहता समितीचा भर तालुका पातळीच्या पंचायत समितीवर होता. जिल्ह्याची परिषद फक्त सल्ल्यापुरती आणि तिच्या डोक्यावर कलेक्टर, अशी ती रचना. नाईक समितीने हे उलटे केले. कामाचा मुख्य भार जिल्हा परिषदेवर टाकला. इंजिनिअर, डॉक्टर, शिक्षणाधिकारी ठेवण्याची ताकद जिल्ह्याच्या पातळीवर आहे, तालुक्याला ते झेपणार नाही, हा त्यामागचा हिशेब.

दुसरी गोष्ट कलेक्टरची. त्याला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवले. अध्यक्ष लोकांनी निवडलेल्यांपैकी आणि प्रशासनाला वेगळा मुख्य कार्यकारी अधिकारी, अशी जोडी केली. तिसरी गोष्ट आमदार-खासदारांची. त्यांनाही सदस्यत्व दिले नाही. जिल्ह्याचे नेतृत्व जिल्ह्यातच तयार व्हावे, हा हेतू. आमदारांना हे फारसे रुचले नाही आणि जिल्हा परिषद विरुद्ध आमदार ही ओढाताण तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

तपासणीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे समित्यांची रचना. अध्यक्षांच्या हाताखाली स्थायी समिती आणि सोबत अर्थ, बांधकाम, शेती, शिक्षण, आरोग्य अशा विषय समित्या. पुढे समाजकल्याण, महिला व बालकल्याण, पशुसंवर्धन, जलव्यवस्थापन अशी भर पडली. निवडून आलेले सदस्य या समित्यांत बसतात, खात्याचा अधिकारी समोर असतो. शाळेची खोली का रखडली, दवाखान्यात औषध का नाही, मामा तलावाच्या पाळीवर खरंच मुरूम पडला की नाही, हे तिथे विचारता येते. सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून निदान एकदा झालीच पाहिजे, पंचायत समितीची सभा दर महिन्याला, असे कायद्यातच बांधून दिले.

घरच्या या डोळ्यांशिवाय बाहेरचेही डोळे ठेवले. विभागीय आयुक्ताला तपासणीचा अधिकार आहे. हिशेब स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतो. लेखापरीक्षकांनी काढलेले आक्षेप विधिमंडळाच्या पंचायती राज समितीपुढे जातात आणि ही समिती जिल्ह्यात येऊन अधिकाऱ्यांची साक्ष घेऊ शकते.

आठ वर्षांनी फेरतपासणी

५ डिसेंबर १९६३ ला वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे ११ वर्षांहून जास्त, त्या पदावर राहिले. एवढा काळ सलग मुख्यमंत्री राहण्याचा मान महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही.

जिल्हा परिषदा त्यांच्याच अहवालातून झालेल्या. मुख्यमंत्रीही तेच. दुसरा कोणी असता तर सगळे छान चालले आहे म्हणून मोकळा झाला असता. पण १९७० मध्ये त्यांच्याच सरकारने ल. ना. बोंगीरवार यांच्या अध्यक्षतेखाली एक मूल्यमापन समिती नेमली. आठ वर्षांत या संस्थांनी काय केले, कुठे कमी पडल्या, काय बदलावे, हे तिला पाहायचे होते. तिने १९७१ मध्ये अहवाल दिला आणि त्यात दोनशेच्या वर शिफारशी केल्या. स्वतः बांधलेल्या घराची भिंत दुसऱ्याला ठोकून बघायला लावली, असा हा प्रकार.

त्यानंतर १९८० मध्ये बाबूराव काळे समिती आणि १९८४ मध्ये प्राचार्य पी. बी. पाटील समिती आली. मूल्यमापनाची जी रीत पडली, तिची सुरुवात बोंगीरवार समितीपासून झाली.

धान्य, कापूस आणि हजेरीपट

मुख्यमंत्री म्हणून त्यांचे नाव शेतीशी जोडले गेले. १९६५ च्या सुमारास राज्यात धान्याचा तुटवडा होता. तेव्हा पुण्यात शनिवारवाड्यासमोर त्यांनी दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण करण्याची जाहीर जबाबदारी घेतली आणि नाही जमले तर मला फाशी द्या इथपर्यंत ते बोलून गेले, ही गोष्ट जुने लोक अजून सांगतात. संकरित ज्वारी गावोगाव पोहोचली ती त्याच काळात. १९६८ मध्ये राहुरीचे आणि १९६९ मध्ये अकोल्याचे कृषी विद्यापीठ सुरू झाले. अकोल्याच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या पंजाबराव देशमुखांच्याच हाताखाली वसंतरावांनी वकिली शिकली होती. कापूस एकाधिकार खरेदी योजनाही त्यांच्याच कारकिर्दीत, १९७२ मध्ये सुरू झाली.

१९७२ चा दुष्काळ मात्र सगळ्यात मोठी परीक्षा होती. लोकांना धान्य फुकट वाटण्याऐवजी काम द्यायचे, असे धोरण ठरले. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना पुढे आली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे ५० लाख मजूर दुष्काळी कामांवर होते. खडी फोडणे, रस्ते, बांध, पाझर तलाव ही कामं तेव्हा निघाली.

५० लाख माणसं कामावर म्हणजे तेवढ्यांची हजेरी, तेवढ्यांची मोजमापं, तेवढ्यांची मजुरी. हजेरीपटावर नाव कोण लिहितो आणि ते कोण तपासतो, यावर सगळे अवलंबून. तपासणी ढिली पडली की न आलेल्याचे नाव चढते आणि राबणाऱ्याचा दाम कमी होतो. म्हणूनच पुढे विधिमंडळाने रोजगार हमी योजनेसाठी वेगळी समिती ठेवली आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यात तर गावानेच हिशेब तपासायचा, म्हणजे सामाजिक अंकेक्षण करायचे, असे कलम आले. महाराष्ट्राच्या दुष्काळातली ती योजना देशाच्या कायद्याला वाट दाखवणारी ठरली.

उणीही सांगितली पाहिजे

नाईकसाहेबांच्या कारकिर्दीवर टीकाही झाली. मुख्यमंत्री विदर्भाचे असूनही सिंचनात विदर्भ मागेच राहिला, ही तक्रार इकडे कायम आहे. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने विभागांचा अनुशेष आकड्यांत मांडला तेव्हा या तक्रारीला कागदाचा आधार मिळाला. दुसरी टीका अशी, की जिल्हा परिषदांना अधिकार दिले तरी पैशाची नाडी सरकारच्याच हातात राहिली. संस्थेला स्वतःचे उत्पन्न कमी, म्हणून प्रत्येक गोष्टीसाठी मुंबईकडे पाहावे लागते.

मुख्यमंत्रिपद सोडल्यावर १९७७ मध्ये ते वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर काय झाले

१९७९ मध्येच जिल्हा परिषदांच्या निवडणुका झाल्या. त्यानंतरची निवडणूक थेट १९९२ मध्ये. मध्ये तेरा वर्षे गेली. ज्याला परत मत मागायला जायचेच नाही, त्याला प्रश्न विचारायची आणि उत्तर द्यायची गरज कुठून वाटणार? पुढे ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि दर पाच वर्षांनी निवडणूक घेणे बंधनकारक झाले. तरी आरक्षण आणि कोर्टकचेरीच्या घोळात निवडणुका पुन्हा लांबल्या.

नागपूर जिल्हा परिषदेचेच पाहा. जानेवारी २०२० मध्ये निवडून आलेल्या सदस्यांची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. प्रशासक आला की सदस्य नाहीत, सभापती नाहीत, विषय समित्याही नाहीत. परिषदेचे आणि समित्यांचे अधिकार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे, पंचायत समितीचे गटविकास अधिकाऱ्याकडे. काम करणारा तोच, मंजुरी देणारा तोच आणि विचारणाराही तोच. अधिकारी कितीही चांगला असला तरी नाईक समितीने जी दोन खुर्च्यांची रचना केली होती, ती एका खुर्चीवर आली.

सदस्य असतानाही सगळे आलबेल असते असे नाही. सभेची टिपणी ऐनवेळी हातात पडते, वाचायला वेळ मिळत नाही. कोरम भरण्यापुरत्या सह्या होतात. विधिमंडळाची समिती येणार म्हटलं की रजिस्टरं रातोरात पूर्ण होतात आणि समिती गेली की जैसे थे. लेखा आक्षेपांचे अनुपालन वर्षानुवर्षे बाकी राहते आणि तोवर संबंधित अधिकारी बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेला असतो. समिती असणे आणि तपासणी होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभा वेळेवर झाली, कागद आधी मिळाले, अधिकारी उत्तराला हजर राहिला आणि मागच्या आक्षेपाचे काय झाले हे पुढच्या सभेत पहिल्यांदा विचारले, तरच समितीला अर्थ आहे.

गावाच्या हातात काय आहे

जिल्हा परिषदेत सदस्य असोत की प्रशासक, गावाच्या हातची एक समिती कोणी काढून घेऊ शकत नाही. ती म्हणजे ग्रामसभा. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. कोरम आहे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. पण कोरमअभावी सभा तहकूब झाली, तर पुढच्या सभेला कोरम लागत नाही. इथेच खरी गोम आहे. शंभर लोक आले नाहीत म्हणून सभा तहकूब होते आणि नंतर पंधरा-वीस लोकांत पूर्ण गावाच्या नावाने ठराव होऊन जातो.

याशिवाय रेशन दुकानाची दक्षता समिती आहे, शाळा व्यवस्थापन समिती आहे, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आहे, रोजगार हमीचे सामाजिक अंकेक्षण आहे. यांतल्या किती समित्यांचे सदस्य कोण हे गावाला माहीत आहे? शेवटची सभा कधी झाली, प्रोसिडिंग बुकात काय लिहिले, हे किती जणांनी पाहिले? हे पाहायला कोणी वकील असावे लागत नाही. ग्रामपंचायतीत जाऊन मागितले की झाले. सभेला दहा माणसं जास्त बसली तरी खर्चाचा कागद जपून लिहिला जातो.

गहुलीच्या तांड्यातून निघालेल्या माणसाने जिल्ह्याचा कारभार जिल्ह्याच्या लोकांच्या हाती दिला आणि आठ वर्षांनी तो कसा चालला ते तपासायलाही लावले. ती वेळ काढण्याची पाळी आता गावाची आहे. १ जुलैला पंचायत समितीत फोटोला हार पडेल तेव्हा पऱ्हे उपटायची घाई असेलच. पण १५ ऑगस्टपर्यंत मौदा तालुक्यातल्या बऱ्याच बांध्यांतली रोवणी आटोपलेली असते आणि त्याच सुमारास ग्रामसभा असते. त्या दिवशी मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून दाखवा, एवढे जरी कोणी उभे राहून म्हटले तरी सुरुवात होईल.